तुझ्या नावाची काडी

वरची वाडी, घाटघर
११ फेब्रुवारी

प्रिय भागू,

पत्र हातात पडल्या पडल्या घाबरू नकोस. इकडं कोणी गेलेलं नाही. आमचे कारभारी आहेत तसेच आहेत, सकाळी उठल्यापासून गुडघ्याच्या नावानं खडे फोडतात आणि दुपारी गुरांमागं डोंगर चढून जातात. तू लेकाकडं राहायला गेल्यापासून बंद असलेल्या तुझ्या घरावर माकडांनी धुमाकूळ घातला होता, चार कौलं फुटली, ती मी बदलून घेतली. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणारच. पण तुझा फोन सदा लेकाच्या, ऋषीच्या हातात, आणि तू उचललास तरी स्पीकर चालू करून साऱ्या पिंपरी पेंढारला ऐकवतेस. शिवाय हे माझ्या तोंडून निघणार नाही, मी चार वेळा करून बघितलं. तेव्हा चष्मा शोध, आतल्या खोलीत जा, दार लोटून घे आणि स्वतः वाच. सातवी झालीस, अक्षर लागतं तुला. लेकाला नाहीतर सुनेला वाचायला दिलंस तर माझ्याशी गाठ आहे. तुझ्याकडून एक काम करून घ्यायचं आहे, आणि ते तुझ्याच जिवाचं आहे. शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचायचीच नाहीस, पळशील. तुझं पळणं मला ठाऊक आहे.

शाळेपुढं गाडी यायची ती जागा आठवते का? आता तिथं शनिवार-रविवार नाणेघाट बघायला येणाऱ्यांच्या मोटारी लागतात. मागच्या रविवारी मी तिथून चालले होते, अंगावर आशा सेविकेची साडी, काखेत रजिस्टर, तर मोटारीतल्या एका पोरीनं विचारलं, मावशी, चहा मिळेल का? रागच आला होता, पण तिला काय ठाऊक तिथं काय असायचं ते. मलाच अजून महिन्याचा तिसरा मंगळवार आला की वाटतं, वळणावर हॉर्न वाजेल. सरकारी अनुदानावर चालणारी ती एकच पांढरी गाडी, घोडेगावकडची डोंगरातली गावं आणि जुन्नरचा आपला पट्टा मिळून एक. बीपी, साखर, रक्त, गरोदर बायांची तपासणी, गोळ्या, तांबी, सगळं तिच्यातच. बरोबर जुन्नरच्या आबेदा सिस्टर. सात वर्षं आली गाडी. त्याच्या आधी तांबी बसवायची म्हटली तर एसटीनं जुन्नर गाठा, मजुरीचा दिवस मोडा, आणि मुख्य म्हणजे सासूला कारण काय सांगायचं याची आठ दिवस आधीपासून तयारी करा. तू तर आत्याच्या नातवाचं बारसं सांगून गेली होतीस, आणि त्या आत्याला नातूच नव्हता! माझी आई नुसतं ‘अंगावर जातंय’ म्हणत म्हणत गेली. कशानं गेली ते आम्हाला अजून ठाऊक नाही. तिला सांगायची लाज, आम्हाला विचारायची लाज, आणि विचारणारं तिसरं माणूस डोंगर चढून येतच नव्हतं. म्हणून मला त्या गाडीचं एवढं होतं. लोक म्हणायचे, साधनाच्या बापाची गाडी आहे जशी. आईची होती म्हण.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. घोडेगावला आम्हा आशांची बैठक झाली. तुला आठवेल, येताना तुझ्या नातवाला टोपडं आणलं होतं, तीच बैठक. त्या वर्षी गाडीत नवीन तपासणी आली होती, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची. लांब काडी असते, टोकाला कापूस. बाईनं पडद्यामागं जाऊन आपली आपण आत फिरवायची आणि नळीत घालून द्यायची, म्हणजे कोणापुढं उघडं व्हायला नको. मला वाटलं, वा, हे तर आपल्या बायकांसाठीच काढलंय. मग साहेबांनी सांगितलं, प्रत्येक गावातून तीस बायका, एकतीस मार्चच्या आत. ज्या गावाचा आकडा भरणार नाही तिथं गरज नाही असं धरलं जाईल आणि पुढच्या वर्षी त्या गावचं अनुदान दुसरीकडं वळेल. मी उठून म्हटलं, साहेब, आमच्या वाड्या मिळून त्या वयाच्या बायकाच चौतीस, त्यातल्या दोघी मुंबईला, एक बाळंतीण. साहेब म्हणाले, ताई, वरून आलंय. वरून आलं की आपण गप्प बसायचं, पाऊस असो नाहीतर परिपत्रक. एसटीत बसून मी पाठकोऱ्या कागदावर यादी केली. तीस नावं. त्यात माझं नाव मी घातलं नाही. चौतिसातल्या कुणालाही वगळून स्वतःला घालायचं बरं वाटेना, आणि मी तर काय, गाडीबरोबरच असते, कधीही करेन, असं वाटलं. आठव्या नंबरला तुझं नाव होतं.

त्या तीस नावांसाठी मी काय काय केलं ते तू पाहिलंस. घरोघर चहा प्यायले, ॲसिडिटी झाली. कोणी म्हणे काडी घातली की पिशवी काढायला लावतात. कोणी म्हणे नवऱ्याला विचारते, आणि नवरे ओट्यावर बसून माझ्याकडं असे बघायचे जणू मी त्यांची म्हैस मागायला आलेय. साळुबाईनं वाचवलं मला. साठी गाठलेली बाई, पण सगळ्यांत आधी पडद्यामागं गेली आणि आतून साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, “अगं ए साधने, किती आत घालायची गं ही? का आरपार काढू?” बायका अशा हसल्या की निम्म्यांची भीती तिथंच गेली. तिच्या काडीत पुढं दोष निघाला, माहीत आहेच तुला. आबेदा सिस्टरनं तिला जुन्नरला नेलं, तिथं दहा मिनिटांत डाग शेकून काढला, आणि चार दिवसांनी म्हातारी पुन्हा रानात. अजून तशीच आहे, काल माझ्याशी पाण्यावरून भांडली.

आकड्यासाठी त्या महिन्यात गाडीच्या जादा फेऱ्या होत्या, अठ्ठावीस तारखेला शेवटची येणार होती आणि माझ्या एकोणतीस झाल्या होत्या. राहिली होतीस तू. आदल्या संध्याकाळी शब्द दिला होतास, माझ्या हाताला हात लावून. सकाळी बघते तर दाराला कडी, पाटी घेऊन तू हिरडा गोळा करायला पसार. मी तशीच वर आले, हाका मारत. दुसऱ्या टप्प्यावर मोठ्या हिरड्यामागं तुझ्या साडीचा पिवळा काठ दिसला मला. होय गं, दिसला. तू श्वास धरून उभी होतीस. तुझ्या मामीची पिशवी त्या खासगी डॉक्टरनं उगाच काढली आणि ती पुढं उठलीच नाही, हे माझ्या डोक्यात होतं. म्हणून पुढं येऊन तुझा हात धरला नाही. वाटलं, भितीय तर भिऊ दे, पोरगी लहानपणापासून अशीच. मागं फिरले. आज मला सगळ्यांत जास्त राग कशाचा येत असेल तर त्या मागं फिरण्याचा. दहा पावलांवर होतीस तू.

खाली उतरताना शाळा डोळ्यांपुढं आली. आश्रमशाळेत सातवीला धाकट्या भावाला सांभाळायला मी महिनाभर घरी राहिले, तेव्हा माझं नाव पुकारलं की तू मागच्या रांगेत जाऊन बारीक आवाजात ‘हजर’ म्हणायचीस. शेवटी गुरुजींनी पकडलं, दोन्ही हातांवर छड्या दिल्या, तळवे सुजले, तरी तू आजच्या दिवसापुरतंच केलं म्हणालीस, महिन्याचं फुटू दिलं नाहीस. त्या हजेरीवर मी परीक्षेला बसले, पुढं दहावी झाले, आशा झाले. तुला मात्र सातवी होताच उजवलं. मी याच वाडीत लग्न होऊन आले तेव्हा दारात तूच होतीस, कडेवर ऋषी. हे सगळं डोक्यात घेऊन मी गाडीपाशी आले. आबेदा सिस्टर मागच्या बाजूला खोकी भरत होत्या. डब्यात एकच नळी उरली होती, तिच्यावर तुझ्या नावाची छापील चिठ्ठी. साहेबांचा फोन येऊन गेला होता, आकडा सांगा म्हणून. मी नळी उचलली, पडद्यामागं गेले आणि तुझ्या नावाला मी हजर म्हटलं. काडी माझी, नाव तुझं. बाहेर येऊन सिस्टरना सांगितलं, भागू आली होती, देऊन गेली, लाजतेय म्हणून थांबली नाही. त्या म्हणाल्या, शाब्बास, झाल्या तीस. आणि मला खरंच बरं वाटलं, तुझ्या त्या हजेरीची परतफेड झाली असं वाटलं. चिठ्ठी खोडून हातानं माझं नाव लिहिलं तर चालतं का, एवढं एक विचारलं असतं! परवा सिस्टरना विचारलं. चालत होतं म्हणाल्या.

जूनमध्ये पाकिटं आली, वाटायला माझ्याचकडं. तुझं पाकीट मी चुलीपुढं बसून फोडलं. दोष आढळला, पुढील तपासणीसाठी तातडीने यावे. वर तुझं नाव, तुझं वय, तुझा आधार नंबर. भागू, खरं सांगते, पहिल्यांदा मी तुझ्यासाठीच घाबरले, क्षणभर विसरलेच होते. मग कळलं, अगं बाई, हे तर माझंच. कागद दाखवायचा म्हणजे तुझं नाव खोटं लावलं होतं हे सांगायचं. एक खोटं निघालं की एकोणतीसही खोटीच असतील म्हणतील, गाडी बंद होईल, आणि माझं काम जाईल ते वेगळंच. तो कागद मी पापडाच्या डब्यात तळाशी घातला. यादीत तुझ्या नावापुढं मी माझाच मोबाइल नंबर दिला होता. दोनदा फोन आला, भागूबाई बोलताय का? मी हो म्हणाले. येते म्हणाले. भात लावून झालं की येते, सण झाला की येते. दुसऱ्या बायकांनी मला हीच कारणं दिली की मी त्यांना उभं आडवं घेत होते. तिसरा फोन आला नाही.

त्या आकड्यावर गाडी वर्षभर आली हे खोटं नाही. तिघींना तांबी बसली, दोघींची साखर सापडली, एकीचं बाळ आडवं होतं ते वेळेवर कळलं. मी रोज स्वतःला ते मोजून दाखवायचे. आणि पुढच्या एप्रिलला गाडी बंद झाली. आकडा भरला होता, सगळ्याच गावांचा भरला होता. दोन ओळींचं पत्र आलं, सदर बाबीसाठी निधी प्राप्त नाही. आबेदा सिस्टर घरी बसल्या. मी त्या दिवशी घरी येऊन भांडी घासली, सगळी, स्वच्छ होती तीसुद्धा. कारभारी म्हणाले, आता काय भांड्यांची सालं काढणार का? तरीही मी डबा उघडला नाही. आता तर दाखवायला सोयही राहिली नाही, असं उलटं कारण मिळालं. आपल्याला कारण कमी पडत नाही कधी.

दिवाळीत तुझा फोन आला होता. तुमच्याकडं पिंपरी पेंढारला आरोग्याचं पथक आलं, बायकांची तीच तपासणी होती, तू घाबरत घाबरत रांगेत उभी राहिलीस, आणि त्यांनी तुझं कार्ड बघून सांगितलं की आजी, तुमची दोन वर्षांपूर्वी वर घाटघरला झालेली दिसतेय, आज नव्या बायकांना घेऊ. तू किती खूश होतीस! म्हणालीस, “साधने, तूच गं माझं नाव लावलं व्हतंस! वाचवलंस बाई, न्हाईतर मला ती काडी घालाया लागली असती.” आणि हसलीस. मीसुद्धा हसले. त्याच महिन्यात मला रक्त जायला लागलं होतं. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली बाई मी, दर बैठकीत बायकांना सांगणारी की पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर त्याच दिवशी निघा. मी निघाले ते संक्रांत झाल्यावर. कागद पिशवीत घेतला, जुन्नरला उतरले आणि दवाखान्याच्या दारावरून मागं फिरून आबेदा सिस्टरच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि चहा टाकला. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील, त्यांच्या गाडीत मी खोटेपणा केला. त्यांनी कागद उलटा सुलटा बघितला, मग एवढंच विचारलं, “मग भागूची कधी झाली?” दोन वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. माझं काम, माझी गाडी, माझा डबा, माझं रक्त. तुझ्या नावाची नळी वापरली तेव्हा मी तुझी जागाच खाल्ली, आणि ते मला दुसऱ्या माणसानं सांगावं लागलं. मी तिथं खूप रडले, त्यांच्या ओढणीला तोंड पुसलं.

माझं आता कळलं आहे. तुकडा तपासायला पाठवला होता, कॅन्सर आहे, दुसऱ्या पायरीवर. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, आशा आहे म्हणाल्या. पण तुम्ही तेव्हाच आला असता तर साळुबाईसारखं दहा मिनिटांत झालं असतं, हेही म्हणाल्या, मीच खोदून विचारलं. सोमवारपासून पुण्याला पाच आठवडे किरणं घ्यायची आहेत, मोफत होणार आहे. कारभारी बरोबर येतायत. त्यांना सगळं सांगितलं, तर ते गुरं विकायचं बोलू लागले, मी म्हटलं खबरदार. आरोग्य केंद्रात मी लिहून दिलं आहे की तिसाव्या नळीत नमुना माझा होता, भागूचा नव्हता, तिचा यात काही दोष नाही, तिचं नाव मोकळं करा. माझं काम राहील की जाईल ते माहीत नाही. कदाचित तुला कोणी विचारायला येईल. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तू बोलशील, म्हणून सांगते.

आता काम. त्या दिवाळीच्या फोनवर तू हसून झाल्यावर आणखी एक बोलली होतीस, तुला आठवणारही नाही. म्हणालीस, “कंबर लई धरती गं आताशा, अन् अंगावर बी जातंय, वास येतोय. पण कागदावर तपासणी झालेली हाय म्हणल्यावर कोण इचारत न्हाई, अन् म्या बी काळजी करीत न्हाई.” भागू, ते मी ऐकलं होतं. ऐकून विषय बदलला, तुझ्या नातवाचे दात विचारले. कागद काहीही म्हणो, तुझी तपासणी झालेली नाही. कधीच झालेली नाही. ती काळजी तू आजच कर, माझ्यावर रागाव, मला शिव्या दे, माझं तोंड बघू नकोस हवं तर, पण कर. शुक्रवारी वीस तारखेला सकाळी दहाला जुन्नरच्या एसटी स्टँडवर आबेदा सिस्टर तुझी वाट बघत असतील, हिरवी ओढणी, चष्मा, हातात डबा. त्या तुला सरकारी दवाखान्यात नेतील, पडद्याबाहेर उभ्या राहतील, पिशवी कोणी काढणार नाही, मी त्यांच्याकडून वदवून घेतलं आहे. मीच तुला घ्यायला येणार होते, पण तेव्हा मी पुण्यात असेन. त्या दिवशी हिरड्यामागं दहा पावलांवर होतीस आणि मी आले नाही, म्हणून आज एवढ्या लांबून हात जोडते. तिथं बाकड्यावर बसशील, कोणीतरी कागद बघून तुझं नाव पुकारेल. या वेळी मागच्या रांगेत दुसरं कोणी नसेल. तूच उठ, माझे बाई, आणि मोठ्यानं म्हण, हजर.

तुझीच,
यादीत स्वतःचं नाव न घातलेली,
साधना